मानवशास्त्राची पदवी : आखणी आणि पूर्तता

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. गुण चांगले असतील तर अभियांत्रिकी किंवा नर्सिंग, बेताचे असतील तर आयटीआय, आणि काहीच ठरले नाही तर "बी.ए. करून टाक". या 'करून टाक' मध्येच पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ असते. जी गोष्ट करून टाकायची असते ती कोणी आखत नाही, आणि जी आखलेली नसते ती बहुधा अर्ध्यावर सुटते.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. बँकेत कारकून म्हणून काम करताना शिष्यवृत्तीचे खाते, शैक्षणिक कर्जाचा अर्ज, फीची पावती अशा निमित्ताने विद्यार्थी आणि पालक रोज समोर येतात. त्यांच्याशी बोलताना असे वाटत आले की कला शाखेतील एखादा विषय घेऊन त्याची पदवी कशी आखावी आणि कशी पुरी करावी, हे कोणीतरी सविस्तर मांडले पाहिजे. त्यासाठी आम्ही मानवशास्त्र हा विषय निवडला आहे. आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नाही, पण त्याचा आपल्याशी संबंध मात्र फार जुना आणि जवळचा आहे.

विषय म्हणजे नेमके काय?

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा सर्व बाजूंनी अभ्यास. त्याच्या ढोबळमानाने चार शाखा मानतात, आणि चारही शाखांची उदाहरणे आपल्या खानदेशातच सापडतात.

पहिली शाखा शारीरिक मानवशास्त्राची. माणसाचे शरीर, आनुवंशिकता व उत्क्रांती हा तिचा प्रांत. सातपुड्यातील आदिवासींमध्ये आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापांकडून मुलाकडे येतो. पण ज्याला तो दोघांपैकी एकाकडूनच मिळाला आहे, त्याला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणून ज्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तेथे हा आजार टिकून राहिला. असे कोडे ही शाखा उलगडते.

दुसरी शाखा पुरातत्त्वाची. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. म्हणजे शेती, गाव, जात यांपैकी काहीही नव्हते तेव्हाही या भागात माणूस राहत होता आणि त्याला नटण्याची हौस होती.

तिसरी शाखा भाषेची. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिल्ली, तडवींची बोली अशा कितीतरी बोली आपल्या दोन-तीन तालुक्यांत ऐकू येतात. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीय भाषांची पाहणी केली, तेव्हा खानदेशी बोलीला त्याने मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांबरोबर ठेवले. ते बरोबर की चूक, हा वाद अभ्यासाचा आहे, आणि तो वाद घालायला अहिराणी बोलणारा विद्यार्थी सर्वांत योग्य.

चौथी शाखा सामाजिक व सांस्कृतिक मानवशास्त्राची. नातेगोते, लग्नसंबंध, सण, श्रद्धा, कामाची वाटणी, जात यांचा अभ्यास ती करते. मामाच्या मुलीशी लग्न काही समाजांत चालते, काहींत निषिद्ध मानतात. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा नातेव्यवस्थांच्या आधारे भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे विभाग पाडून दाखवले.

समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांत फरक काय, असे विद्यार्थी विचारतात. दोन्ही विषय शेजारचे आहेत. मात्र मानवशास्त्रात शरीर आणि समाज यांचा विचार एकत्र होतो, आणि लोकांमध्ये प्रत्यक्ष राहून माहिती गोळा करणे, म्हणजे क्षेत्रकार्य, हा या विषयाचा प्राण आहे.

आपला आणि या विषयाचा संबंध

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ असे अनेक अभ्यासक्रम घेतले. त्यांत ४ अभ्यासक्रम मानवशास्त्राचे होते. ९ मे १९१६ रोजी त्यांनी 'भारतातील जाती' या विषयावर जो निबंध वाचला, तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. पुढे मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. जातीबाहेर लग्न न करण्याची प्रथा हा जातिव्यवस्थेचा पाया आहे, हे त्यांनी त्या निबंधात दाखवले. त्यावेळी त्यांचे वय अवघे २५ वर्षांचे होते.

हे महत्त्वाचे का, ते समजण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागेल. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले हे माणसांची नाके मोजून जातींची उतरंड वंशाच्या आधारे सिद्ध करू पाहत होते. जितकी जात वरची तितके नाक अरुंद, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आपले वाडवडील या शास्त्रात कोठे होते? मोजपट्टीखाली. १८७१ च्या कायद्याने तर कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि तो शिक्का १९५२ साली कायदा रद्द होईपर्यंत राहिला. माणसांविषयीचे चुकीचे ज्ञान माणसांच्या जगण्यावर कसे बसते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण नाही.

बाबासाहेबांनी या शास्त्राकडे पाठ फिरवली नाही. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी दिलेली नाकाची मोजमापेच पुराव्यादाखल घेतली आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत, हे त्याच आकड्यांनी दाखवून दिले. ज्या मोजपट्टीने हीन ठरवले, तीच मोजपट्टी त्यांनी उलटून वापरली. हे त्यांना करता आले, कारण त्यांनी विषय शिकला होता. नुसत्या संतापाने हे काम झाले नसते.

इरावतीबाईंचेही असेच एक उदाहरण आहे. बर्लिनमध्ये त्यांनी मानवी कवट्यांवर प्रबंध लिहिला. त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. बाईंनी मोजमापे घेतली आणि गुरूला हवा होता तसा वंशभेद त्यांत आढळत नाही, असेच लिहिले. आणि डॉ. गोविंद गारे हे स्वतः महादेव कोळी समाजातले. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे ते संचालक झाले आणि महाराष्ट्रातील आदिवासींविषयी त्यांनी मराठीत भरपूर लिहिले. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते त्यांच्यातलाच माणूस लिहू लागला, की शास्त्राचे प्रश्नच बदलतात.

कोठे शिकता येईल?

फैजपूर, यावल, रावेर भागातील विद्यार्थ्यासमोरची पहिली अडचण अशी की समाजशास्त्र, इतिहास, भूगोल, मराठी हे विषय घराजवळ मिळतात, पण मानवशास्त्र पदवीला देशात मोजक्याच ठिकाणी आहे. म्हणून तीन वाटांचा विचार करावा.

पहिली वाट बाहेरगावी जाण्याची. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात समाजशास्त्र व मानवशास्त्र असा विभाग आहे. मध्य प्रदेशातील सागर येथील डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठ १९४६ साली स्थापन झाले व २००९ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे. तेथील मानवशास्त्र विभाग जुना व नावाजलेला आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली. काही विद्यापीठांत मानवशास्त्र हा विज्ञान शाखेचा विषय धरतात आणि बारावीला विज्ञान विषय मागतात. म्हणून ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने चौकशी अकरावीतच करावी, बारावीच्या निकालानंतर नव्हे.

दुसरी वाट दूरशिक्षणाची. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने मानवशास्त्राची ऑनर्स पदवी सुरू केलेली आहे. तेथे घरी अभ्यास, स्वाध्याय लिहून देणे, प्रात्यक्षिके आणि सत्रान्त परीक्षा अशी पद्धत आहे. विद्यापीठाचे अभ्याससाहित्य 'ई-ज्ञानकोश' वर कोणालाही मोफत वाचता येते. प्रवेश घ्यायच्या आधीच त्यातील एक-दोन प्रकरणे वाचून पाहावीत, म्हणजे विषय झेपतो की नाही ते पैसे भरण्यापूर्वीच कळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली दोन पदव्या एकाच वेळी करण्यास परवानगी दिली. त्यामुळे गावच्या महाविद्यालयात समाजशास्त्राची बी.ए. आणि दूरशिक्षणाने मानवशास्त्र असेही करता येते. पण आमचा सल्ला असा की पहिले वर्ष एकाच पदवीचे करावे. दोन दगडांवर पाय ठेवण्याआधी एका दगडावर उभे राहता येते का, हे बघावे.

तिसरी वाट लांबची, पण आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना परवडणारी. फैजपूरच्या धनाजी नाना महाविद्यालयासारख्या जवळच्या महाविद्यालयातून आधी बी.ए. चांगल्या गुणांनी पुरी करायची आणि मग पदव्युत्तर शिक्षणासाठी मानवशास्त्राकडे वळायचे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. या वाटेने जाणाऱ्याने तिन्ही वर्षे मानवशास्त्राचे वाचन बाजूने चालू ठेवावे, नाहीतर दार समोर येते तेव्हा हातात किल्ली नसते.

पदवी म्हणजे एक खाते

नवीन शैक्षणिक धोरणानुसार आता पदवी श्रेयांकांत मोजतात. पहिल्या वर्षाचे साधारण ४०, दोन वर्षांचे ८०, तीन वर्षांचे १२० श्रेयांक झाले की पदवी, आणि चौथे वर्ष करून १६० झाले की ऑनर्स. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही पद्धत २०२४-२५ पासून लागू झाली. मिळवलेले श्रेयांक 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' मध्ये विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात.

बँकेच्या माणसाला ही कल्पना समजायला सोपी. एका सत्रात साधारण २० श्रेयांक जमा व्हायला हवेत. एखाद्या सत्रात १२ च झाले तर ८ ची बाकी पुढे ओढली जाते, आणि पुढच्या सत्राचे २० तर असतातच. थकलेला हप्ता जसा वाढत जातो तसेच हे. म्हणून प्रत्येक सत्राच्या शेवटी वहीत तीन ओळी लिहाव्यात : जमा किती, बाकी किती, बाकी कधी फेडणार.

यात एक दिलाशाची गोष्ट आहे. आजारपण, घरची अडचण, लग्न अशा कारणाने मध्येच थांबावे लागले तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. बाहेर पडताना थोडे जादा श्रेयांक करावे लागतात, ते महाविद्यालयात विचारून घ्यावे. पण ही सोय परत येण्यासाठी आहे, सुटण्यासाठी नव्हे. बँकेची, लोकसेवा आयोगाची परीक्षा पदवी मागते. तेथे प्रमाणपत्र किंवा पदविका पुढे करून चालत नाही.

वर्षवार आखणी अशी करावी. पहिले वर्ष भाषेचे. विषयाची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत, तेव्हा रोज एक पान शब्दकोश घेऊन वाचावे आणि त्याचा सारांश मराठीत लिहावा. वर्षअखेर तीनशे पाने होतात. दुसरे वर्ष पद्धतीचे. मुलाखत कशी घ्यावी, वंशावळ कशी काढावी, वस्तीचा नकाशा कसा काढावा, हे शिकून घ्यावे. तिसरे वर्ष प्रकल्पाचे. ज्यांना चौथे वर्ष संशोधनासह करायचे आहे त्यांना पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

पैशाचा हिशेब

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी नीट पाहाव्यात, कारण यात आम्हांला रोजचा अनुभव आहे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना जेवण व निवासासाठी 'स्वाधार' योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयम्' योजना आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका यांच्या प्रती एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवाव्यात.

शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे खात्यात येत नाहीत, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. बहुतेक वेळा कारण खात्यातच असते. अनुदानाचे पैसे ज्या खात्याशी आधार शेवटचे जोडले आहे त्याच खात्यात जातात, मग अर्जात दुसरा खाते क्रमांक का असेना. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. शाळेत असताना उघडलेले अज्ञानाचे खाते अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर नव्या सहीने व कागदपत्रांनी चालू करून घ्यावे लागते. प्रवेश घेतला त्याच आठवड्यात बँकेत जाऊन या तीन गोष्टी विचाराव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. त्यासाठी वर्ष वाया गेलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत.

बाहेरगावी शिकायचे तर शैक्षणिक कर्ज हाही मार्ग आहे. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार असतात, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होते. व्याज मात्र मधल्या काळातही चढत राहते. म्हणून आधी शिष्यवृत्ती, मग वसतिगृह आणि शेवटी कर्ज, असा क्रम ठेवावा.

क्षेत्रकार्य : अंगणातली प्रयोगशाळा

मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला महागडी प्रयोगशाळा नसली तरी बरेच काम होते. फैजपूरचे नाव १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे इतिहासाच्या पुस्तकांत गेले. पण येथल्या वस्त्या, मजुरी, नातीगोती यांची बारकाईने नोंद करायला अजून पुष्कळ वाव आहे. केळीच्या बागेत घड कापणारा, वाहणारा, गाडीत लावणारा, प्रत्येक कामाला कोणत्या समाजाचे माणूस आहे? बायकांची मजुरी किती आणि पुरुषांची किती? सातपुड्यातून पावरा कुटुंबे कामाला कधी येतात, कधी परततात? आठवडी बाजारात कोण कोठे बसतो? आपल्या वस्तीत १९५६ नंतर लग्नविधी कसकसा बदलला, हे सत्तरी ओलांडलेल्या आजीइतके कोण सांगू शकेल? यांतला एक प्रश्न नीट धरला तरी तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प उभा राहतो.

काही पथ्ये मात्र पाळावीत. माहिती घेण्याआधी समोरच्याला आपण कोण व कशासाठी विचारतो ते सांगावे. नको म्हणाला तर आग्रह धरू नये. लिहिताना नाव बदलावे. ऐकलेले त्याच रात्री वहीत उतरवावे, कारण दोन दिवसांनी आपण त्यात आपले मत मिसळतो. आणि तडवी किंवा पावरा वस्तीत गेल्यावर, आपल्या वाडवडिलांकडे जशा नजरेने पाहिले गेले तशा नजरेने आपण कोणाकडे पाहू नये. हे पथ्य परीक्षेत विचारत नाहीत, पण त्यावाचून या विषयाची पदवी व्यर्थ आहे.

नोकरीचे काय?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर खरे द्यावे. केवळ मानवशास्त्राची पदवी दाखवून लगेच मिळेल अशा जागा थोड्या आहेत. १९४५ साली स्थापन झालेली भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण संस्था, तिचे नागपूर येथील केंद्र, पुण्याची आदिवासी संशोधन संस्था, वस्तुसंग्रहालये, आरोग्य व पोषणाच्या पाहण्या, आदिवासी भागातील स्वयंसेवी संस्था येथे संधी असतात, पण त्यांतील बहुतेक पदांना पदव्युत्तर शिक्षण लागते. दुसरी बाजू अशी की केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे, प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका. आणि कोणतीही पदवी चालते अशा सर्व परीक्षांचे दार उघडे राहते. ज्याला लगेच पगार हवा आहे त्याने दुसरा अभ्यासक्रम घ्यावा, त्यात कमीपणा नाही. ज्याला पाच-सहा वर्षे धीर धरता येईल त्याने हा विषय जरूर घ्यावा.

समाजबांधवांना विनंती

दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार आपण उत्साहाने करतो. गुच्छ, शाल, फोटो, सर्व होते. त्यांच्यापैकी तीन वर्षांनी पदवी किती जणांच्या हाती पडली, हे मात्र आपण विचारत नाही. आमची सूचना अशी की संस्थेने एक साधे रजिस्टर ठेवावे. त्यात महाविद्यालयात गेलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, सत्र व बाकी राहिलेले विषय असावेत. दर सहा महिन्यांनी एका सभासदाने त्या घरी जाऊन चौकशी करावी. मुलगी असेल तर एखाद्या शिकलेल्या ताईने जावे. शिक्षण थांबत असेल तर कारण समजून घ्यावे. पुष्कळदा ते हजार-दोन हजार रुपयांचे किंवा एका दाखल्याचे असते. विहारातील कपाटात मानवशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास यांची दहा-वीस पुस्तके आणि एक चांगला शब्दकोश ठेवावा. आणि पुढच्या सत्कार समारंभात पदवी पुरी केलेल्यांसाठी वेगळी रांग असावी, मग गुण कितीही असोत.

विद्यार्थी मित्रांनो, ९ मे १९१६ च्या त्या निबंधामागे गोल्डनवायझरांच्या वर्गातली नियमित हजेरी होती, ग्रंथालयातले तास होते आणि मुदतीत पुरे केलेले काम होते. तेवढे तरी आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. प्रवेश कोणत्या विषयाला घेतला हे लोक विसरतील. पदवी पुरी केली की नाही, हे मात्र तुमच्या मागून येणारी धाकटी भावंडे पाहत असतात.

जयभीम.